शीव, सरहद्द आणि सीमाभाग

काही शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, तर काही एकाच अर्थाने वापरल्यामुळे टोकदार बनतात. ‘सीमाभाग’ हा शब्द या दुसऱ्या जातीचा. मराठी वृत्तपत्राच्या वाचकाने तो वाचला की बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, फार तर बिदर-भालकी एवढाच प्रदेश त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यामुळे जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी चंद्रपूर जिल्ह्यालगतची चौदा गावे महाराष्ट्रात पूर्णपणे समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे सांगितले, तेव्हा ही कोणती चौदा गावे, असा प्रश्न अनेकांस पडला असेल. ही गावे बेळगावाकडची नव्हेत. ती महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगरांत आहेत. आज महाराष्ट्र त्यांना जिवती तालुक्यात मोजतो आणि तेलंगण त्यांना केरामेरी मंडलात मोजते. दोन्ही सरकारांच्या कागदांवर ती आपापली आहेत. गावकऱ्यांच्या हातात मात्र दोन्हींकडचे कागद असूनही हक्काची जमीन नाही.

आदिलाबाद येथून शेकडो मैल दूर. समुद्रकाठच्या वाचकाने तेथल्या डोंगरांतील चौदा खेड्यांचा विचार कशासाठी करावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, सीमा म्हणजे काय हे गोमंतकीय माणसाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. ज्याच्या गावाच्या वेशीवर परकीयांचा नाका होता, त्याला या शब्दाचे वजन ठाऊक आहे. म्हणूनच हा शब्द आज आपण कोणत्या अर्थाने वापरतो आणि त्या अर्थात कोण मावते, कोण मावत नाही, याचा एकदा झाडा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या भाषेत सीमेसाठी सर्वांत घरगुती शब्द ‘शीव’ हा आहे. संस्कृत ‘सीमा’ झिजून झिजून तो झाला. गावाची शीव, शेताची शीव. शिवेच्या आत पसरलेली शेतजमीन ते ‘शिवार’ आणि शिवेला लागून असलेला पट्टा ती ‘शिवधडी’. मुंबईत आगगाडीने जाणारा माणूस ज्या स्थानकाला इंग्रजी वळणाने ‘सायन’ म्हणतो, ते मुळात शीवच. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली ती हद्द. आपल्याकडे गावाची शीव देवचार किंवा राखणदार राखतो, अशी श्रद्धा आहे. रोगराई शिवेबाहेर घालवावी, परगावाहून आलेल्या पालखीला शिवेवर सामोरे जावे, दसऱ्याला देवाने लवाजम्यानिशी शीव ओलांडून सोने लुटून परत यावे, हे सारे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. सीमोल्लंघन हा आपल्याकडे गुन्हा नव्हे, तो सण आहे. शीव ही जेथे गाव संपते तेथली भिंत नसून जेथे शेजार सुरू होतो तेथला उंबरठा आहे, असा या सर्व चालीरीतींचा मथितार्थ.

‘सीमा’ या शब्दाच्या मुळाशी गेलो तर आणखी एक गोष्ट दिसते. ज्या ‘सीमन्’ पासून सीमा, त्याच्यापासूनच ‘सीमंत’. सीमंत म्हणजे केसांतला भांग. गरोदर स्त्रीच्या सीमंतोन्नयन संस्कारात पती तिचा भांग काढतो, तो हाच. भांगाची रेघ केस दोन बाजूंना वळवते. पण तिच्यामुळे डोके दोन होत नाही. सीमेचा आद्य अर्थ असा सौम्य होता.

‘सरहद्द’ हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. फारसी ‘सर’ म्हणजे डोके, टोक, आणि अरबी ‘हद्द’ म्हणजे मर्यादा. राज्याच्या टोकाची मर्यादा ती सरहद्द. हा शब्द दरबारातून, दफ्तरांतून, फौजांच्या तळांवरून आपल्या बोलीत उतरला. त्यामुळे शीव म्हटले की राखणदार आठवतो आणि सरहद्द म्हटले की शिपाई. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींनी ओलांडली ती शीव नव्हती, ती सरहद्द होती, आणि म्हणूनच तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पत्रादेवीच्या अलीकडचा शेतकरी आणि पलीकडचा शेतकरी यांच्यात ना देवाचा भेद होता, ना भाताच्या वाणाचा. नातीगोती तर दोन्हीकडे पसरलेली. तरीही लिस्बनमधल्या एका कागदाने त्या दोघांस परके ठरवले होते. १९ डिसेंबर १९६१ नंतर ते नाके उठले आणि सरहद्दीची पुन्हा शीव झाली. हा अनुभव ज्यांच्या पदरी आहे, त्यांनी तरी शब्द सैलपणे वापरू नयेत.

सरहद्द हा शब्द नेहमी दुरून दिलेला असतो, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्रजांनी १९०१ मध्ये पंजाबचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग तोडून वायव्य सरहद्द प्रांत केला. ती सरहद्द होती कलकत्त्याच्या आणि लंडनच्या नकाशातली. तेथल्या पठाणाच्या दृष्टीने ते त्याचे घर होते. खान अब्दुल गफारखान यांना आपण प्रेमाने सरहद्द गांधी म्हटले, त्यांच्या प्रांताने अखेर २०१० मध्ये ते सरहद्दीचे नाव टाकले आणि खैबर पख्तुनख्वा हे आपल्या लोकांचे नाव धारण केले. आपल्या देशातही ईशान्य सीमा प्रदेश म्हणून, बव्हंशी ‘नेफा’ या तुटक आद्याक्षरांनी, जो मुलूख ओळखला जाई, त्याला २० जानेवारी १९७२ पासून अरुणाचल प्रदेश हे नाव मिळाले. टोकाला राहणाऱ्या माणसाला आपण टोकाला राहतो असे कधीच वाटत नाही. पहिली संधी मिळताच तो ते नाव झटकून टाकतो.

राजसत्तेने सीमेवरच्या माणसाकडे कसे पाहावे, याचाही विचार आपल्या देशात फार पूर्वी झालेला आहे. कलिंगाच्या युद्धानंतर अशोकाने धौली व जौगड येथे जे स्वतंत्र लेख कोरविले, त्यांपैकी एक खास सीमेपलीकडील लोकांविषयी आहे. या ‘अंतां’नी राजाचे भय बाळगू नये, त्याच्यावर विश्वास ठेवावा, त्यांना त्याच्यापासून दुःख नव्हे तर सुखच मिळेल, असा त्याचा आशय. कौटिल्य तर व्यवहारी माणूस. त्याने सीमेवर ‘अंतपाल’ नेमला, त्याला व्यापाऱ्यांच्या गाड्यांवर ‘वर्तनी’ नावाचा रस्ताकर घेण्याचा अधिकार दिला आणि त्याच दमात असेही बजावले की, वाटेत माल हरवला किंवा चोरीस गेला तर त्याची भरपाई अंतपालाने करावी. सीमेवर कर घ्यावयाचा असेल तर सीमेवरची जबाबदारीही घ्यावी लागते, हा साधा न्याय दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथांतून लिहिला गेला होता.

आता आपल्या ‘सीमाभागा’कडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला, बेळगाव-कारवारकडील मराठी मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि एका दीर्घ वेदनेला आरंभ झाला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने तो नाकारला आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. महाराष्ट्राचा हक्कदावा ज्या ८६५ गावांवर आहे, ती गावे म्हणजे सीमाभाग, असा या शब्दाचा अर्थ रूढ झाला. त्या लढ्याची न्याय्यता हा आजचा आमचा विषय नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, या इतिहासामुळे सीमाभाग हा शब्द भूगोलाचा न राहता दाव्याचा झाला. जेथे दावा, तेथे सीमाभाग, आणि जेथे दावा जोरात नाही तेथली मराठी माणसे, मराठीच्या शेजारची माणसे, या शब्दाच्या हिशेबातून गळून गेली. आदिलाबाद हे त्याचे ठळक उदाहरण होय.

आदिलाबाद या नावाचेच जुने रूप एदलाबाद. निजामाच्या राज्यातील हा उत्तरेकडचा जिल्हा. वर पैनगंगा, पूर्वेकडे वर्धा आणि पुढे प्राणहिता, खाली गोदावरी, असा नद्यांनी वेढलेला, सागाच्या रानांनी आणि कापसाच्या काळ्या जमिनीने भरलेला. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, वर्धेपलीकडे चांदा. नदी ही हद्द असल्यामुळे कोण कोणीकडचा, याविषयी फारसा घोळ नव्हता. १९५६ च्या कायद्याच्या आठव्या कलमाने या जिल्ह्यावर शस्त्रक्रिया केली. राजुरा तालुका, किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ हे आदिलाबादेतून काढून मुंबई राज्याला जोडले. उलट बाजूने, नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्रकडे गेली. राजुरा प्रथम नांदेड जिल्ह्यात पडला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. भाषेच्या तत्त्वाने पाहता ही वाटणी सर्वस्वी चुकीची होती, असे कोणी म्हणणार नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की, पूर्वेकडे जी हद्द वर्धेच्या पात्रातून जात होती, ती आता माणिकगडाच्या डोंगररानातून जाऊ लागली. पात्र डोळ्यांना दिसते. रानातली रेघ मात्र मोजणीदाराच्या साखळीलाच दिसते, आणि तीही साखळी दोन सरकारांच्या दोन असल्या की दोन ठिकाणी दिसते.

माणसांचे व्यवहार मात्र या शस्त्रक्रियेने तुटले नाहीत. आजही आदिलाबादला जाणारी आगगाडी मुदखेडहून निघालेल्या फाट्यावरून, किनवटमार्गे, म्हणजे महाराष्ट्रातूनच जाते. मुधोळ भागातले गोदाकाठचे बासर घ्या. तेथल्या सरस्वतीच्या मंदिरात मुलांना पहिले अक्षर गिरवावयास नेण्याची चाल मराठवाड्यातल्या घरांतही आहे आणि तेलंगणातल्या घरांतही. एका बाजूचे बाळ देवनागरी ‘श्री’ काढते, शेजारचे बाळ तेलुगूत काढते. पुजारी दोघांचेही बोट धरतो. देवीच्या दारात ही हद्द कोणी विचारीत नाही.

जून २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार भाग झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. आमच्या आरंभीच्या चौदा गावांवर तेलंगणाचा जो हक्क आहे, तो या आसिफाबाद जिल्ह्याच्या वतीने. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, येसापूर ही त्यांतली काही नावे. वस्ती गोंड-कोलामांची, बंजाऱ्यांची, आणि मराठवाड्याकडून पोटासाठी वर आलेल्या मराठी कुटुंबांची. घरात मराठी, गोरमाटी किंवा गोंडी, बाजारात तेलुगूही.

या गावांचा संसार कसा चालतो ते ऐकण्यासारखे आहे. शाळा दोन, एक मराठी, एक तेलुगू. शिधापत्रिका दोन. मतदारयाद्या दोन, म्हणून एकाच माणसाचे नाव राजुरा मतदारसंघातही आणि आसिफाबाद मतदारसंघातही. पंचायती दोन आणि सरपंचही दोन. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाबरोबरचा वाद पेटला, तेव्हा वृत्तपत्रांनी येथल्या एका घराची हकिगत छापली होती. त्या घराच्या निम्म्या खोल्या महाराष्ट्रात आणि निम्म्या तेलंगणात, आणि स्वयंपाकघर तेलंगणाच्या बाजूला. म्हणजे चूल एका राज्यात आणि अंथरूण दुसऱ्या राज्यात! वाचून हसू आले खरे. पण आम्हांस त्या हसण्याची थोडी लाजही वाटली.

शहरातला माणूस म्हणेल, दोन सरकारांचे लाभ घेणारे हे भाग्यवानच. आपल्या भाषेत यावर एक म्हण आहे: दोन घरचा पाहुणा उपाशी. दोन्ही सरकारांस या गावांत मते हवी आहेत, म्हणून धान्य, रस्ता, दिवा, निवृत्तिवेतन अशा ज्या गोष्टी देऊन मत मिळते, त्या कमीअधिक मिळतात. जी गोष्ट दिल्याने माणूस कायमचा स्वतंत्र होतो, ती मात्र मिळत नाही, आणि ती म्हणजे जमिनीचा निर्वेध पट्टा. वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीवर आपले नाव लागावे, ही या गावांची जुनी मागणी आहे. कारण पट्टा देणे म्हणजे हद्द ठरवणे, आणि हद्द ठरवणे म्हणजे एका सरकारने मागे सरणे. तेव्हा दोघेही पुढे येतात ते शिधा घेऊन, आणि कागदाची गोष्ट निघाली की दोघेही थबकतात. कौटिल्याच्या अंतपालाला असे करता आले नसते.

येथपर्यंतचा हिशेब दोन राज्यांचा झाला. या डोंगरांत एक तिसरा हिशेब आहे आणि तो या दोन्हींहून जुना आहे. ज्या प्रदेशाला मुंबई आपला पूर्वेकडचा सीमाभाग म्हणते आणि हैदराबाद आपला उत्तरेकडचा, तो गोंडांचा मध्यभाग आहे. चांदा, बल्लारपूर, माणिकगड, सिरपूर ही त्यांच्या राज्यांची ठाणी. गोंड माणूस पैनगंगेच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही, वर्धेच्या या तीरी आहे आणि त्या तीरी. आपला देश दोन भाषांच्या मधला पट्टा आहे, हे त्याला १९५६ मध्ये सांगण्यात आले. त्याला कोणी विचारले मात्र नाही.

याच केरामेरीच्या परिसरात जोडेघाट आहे. जोडेघाट व आसपासच्या बारा गावांवर गोंडांचा हक्क मानावा, जल, जंगल, जमीन यांवर त्यांची सत्ता असावी, अशी मागणी करून कुमरम भीम निजामाच्या सत्तेविरुद्ध उभा राहिला आणि १९४० मध्ये तेथेच पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाने या डोंगरांत राहून गोंडांचा अभ्यास केला आणि मारलावाई येथे त्यांच्या शिक्षणाची योजना उभी राहिली. तेव्हा तयार केलेली पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत होती. तेलुगू मुलुखाच्या पोटात देवनागरी कशी, असा प्रश्न आज पडेल. त्या डोंगरांत अक्षरओळख असलेल्यांचा संबंध मराठीशी होता आणि बाजाराची भाषाही पुष्कळ ठिकाणी मराठीच होती, हे त्याचे उत्तर. पुढे राज्य बदलले, शाळेची भाषा बदलली, आणि जे मूल आपल्या आईच्या भाषेतून शिकू लागले होते, ते एका पिढीच्या आत परक्या भाषेच्या बाकावर जाऊन बसले. पैनगंगेच्या उत्तरेला हेच मराठीने केले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गोंडीला स्वतःची लिपीही होती. आदिलाबाद जिल्ह्यातल्याच गुंजाळा गावी तिच्या हस्तलिखित पोथ्या सापडल्या आणि २०१८ मध्ये संगणकाच्या जागतिक लिपिसंचात तिला स्थान मिळाले. संगणकात जागा झाली, शाळेत अजून पुरती व्हावयाची आहे.

पौष अमावास्येस आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे गोंड गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि त्या पाण्याने देवाची पूजा करतात. त्यांचे भाऊबंद महाराष्ट्रातून येतात, छत्तीसगडातून येतात. त्या जत्रेत उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही ‘तू सीमाभागातला ना?’ म्हणून विचारले तर तो काय उत्तर देईल? त्याच्या दृष्टीने केसलापूर ही पृथ्वीची बेंबी आहे. सीमेवर आहोत ते आपण.

यावर आमचे काही मित्र म्हणतील, मग काय सीमाच नकोत? राज्यकारभाराला हद्द लागतेच. ते खरे आहे. कर कोणी घ्यावा, रस्ता कोणी बांधावा, गुन्ह्याचा तपास कोणी करावा, हे ठरल्यावाचून राज्य चालत नाही. सीमा ठरवण्याचे समंजस मार्गही आपल्या देशाने शोधले आहेत. आंध्र आणि मद्रास यांच्यातील तंटा हरिभाऊ पाटसकरांनी सोडविला तो गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि लोकांची भाषा ही तत्त्वे धरून, आणि त्यानुसार १ एप्रिल १९६० पासून हद्द बदललीही. तेव्हा सीमा असू नये असे आमचे म्हणणे नाही. सीमेचा विचार करताना केवळ जमीन मोजावी आणि माणूस मोजू नये, याला आमचा विरोध आहे.

भाषा हे माणसाचे मोठे लेणे आहे, पण माणूस केवळ भाषेवर जगत नाही, हेही या भागाने आपल्याला शिकविले आहे. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादकडील काही मराठी गावांनी अलीकडच्या वर्षांत आम्हांला तेलंगणात घ्या, अशी मागणी केली. कारण पलीकडे शेतीला मिळणारी मदत आणि सोयी त्यांना अधिक दिसल्या. त्यांना भाषाद्रोही म्हणणे सोपे आहे. त्यांच्या शेताला पाणी देणे अवघड आहे, म्हणून आपण पहिला मार्ग पत्करतो. सीमेवरचा माणूस रोज दोन कारभारांची तुलना करीत असतो. राजधानीतल्या माणसाला ती सोय नाही. म्हणून सीमाभाग हा राज्याच्या कारभाराचा खरा आरसा होय.

तर मग या चौदा गावांचे काय करावे? पहिली गोष्ट, घोषणेने हद्द बदलत नाही, हे लोकांस स्पष्ट सांगावे. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदान्वये संसदेचा आहे. आणि १९५६ च्या कायद्याने ही गावे कोणाकडे दिली एवढाच वाद असेल, तर तो दोन्ही राज्यांनी एकत्र मोजणी करून मिटविता येण्याजोगा आहे. दोन राज्ये एकत्र बसू शकत नाहीत, असे नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगण यांनी मुंबईत करार करून गोदावरी, प्राणहिता आणि पैनगंगा यांवरील बंधाऱ्यांचा प्रश्न सोडविला. त्यांत आदिलाबादच्या उशालगतचा चनाका-कोरटा बंधाराही होता. पाण्यासाठी जे जमते ते माणसांसाठी जमू नये, असे कोणत्या न्यायाने म्हणावयाचे?

दुसरी गोष्ट, हद्दीचा निकाल लागेपर्यंत पट्टे अडवून धरू नयेत. जमीन कसणाऱ्याची नोंद आज एका राज्याने करावी आणि उद्या गाव दुसरीकडे गेले तर त्या राज्याने ती तशीच मान्य करावी, एवढा लेखी करार पुरेसा आहे. शेतकऱ्याचे नाव पुसून नव्याने लिहिण्याचे कारण नाही. तिसरी गोष्ट मुलांची. राज्य पुनर्रचनेच्याच वर्षी, १९५६ मध्ये, घटनेत ३५०-अ हा अनुच्छेद घातला गेला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी, असे तो सांगतो. ज्यांनी रेघा ओढल्या, त्यांना रेघेच्या चुकीच्या बाजूस मुले राहणार हे ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी हे वचन दिले. गाव महाराष्ट्राकडे गेले तर तेथली तेलुगू शाळा, तेलंगणाकडे गेले तर मराठी शाळा, आणि कोठेही गेले तरी गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी गोंडी जाणणारा शिक्षक, हे वचन आज पाळले तर सीमाप्रश्नाचे निम्मे विष उतरेल.

आमच्या वाचकांस दूरच्या डोंगरातले हे सारे परके वाटू नये म्हणून शेवटी एक घरचाच दाखला देतो. तेरेखोलचा किल्ला नदीच्या पलीकडे असूनही गोव्याचा आहे. दोडामार्गचा माणूस महाराष्ट्राचा आहे, पण रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर त्याला बांबोळीचे इस्पितळ जवळ पडते आणि तो तिकडेच धाव घेतो. त्या वेळी त्याच्या शिधापत्रिकेवर कोणत्या राज्याचा शिक्का आहे, हा प्रश्न आपल्या मनात प्रथम येतो की तो माणूस वाचेल का हा, यावरून आपण कोणत्या शब्दाची माणसे आहोत ते कळते, शिवेची की सरहद्दीची.

‘सीमाभाग’ हा शब्द टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. त्यामागे फार जणांचे रक्त आणि आयुष्ये खर्ची पडली आहेत. पण त्याचा अर्थ ‘आमचा जो मुलूख त्यांच्याकडे राहिला तो’ एवढाच ठेवला, तर आदिलाबादच्या डोंगरातला मराठी माणूस त्यातून सुटतो, त्याच्या शेजारचा गोंड तर मुळीच मावत नाही, आणि मिळालेल्या गावांतल्या तेलुगू मुलाचे काय करायचे याचे उत्तरही मिळत नाही. त्यापेक्षा आपल्या आजोबांचा शिवधडी हा शब्द काय सांगतो ते पाहावे. शिवेला लागून ज्यांची शेते आहेत ते दोघेही शिवधडीचे. बांधावर एकाने आंबा लावला तर सावली दोघांच्या शेतात पडते. वाद त्यांच्यातही होतात, बांध कोरलाही जातो. पण पेरणीच्या दिवशी एकाचा बैल आजारी पडला तर दुसऱ्याचा येतो.

त्या चौदा गावांत पाऊस एकाच वेळी पडतो आणि कापूस एकाच वेळी फुटतो. तेथल्या शेतकऱ्याला सातबारा कोणत्या भाषेत मिळतो यापेक्षा तो एकदाचा मिळतो की नाही, याची काळजी अधिक आहे. मुंबई आणि हैदराबाद यांनी तेवढा एक कागद त्याच्या हाती ठेवावा. मग ती गावे कोणाच्या सीमाभागात मोडतात, याचा निवाडा न्यायालयांत खुशाल चालत राहो.